पाठमोरे

सतारमेकर गल्लीत भोपळ्यांचे दोन ढीग असतात.
एक सतारीला जाणारा.
दुसरा चीर गेलेला, कीड लागलेला, एका अंगानं बसका.
तो माझा.
इलाहीभाई पैसे घेत नाही. म्हणतो,
"सिस्टर, ह्यातनं आवाज निघायचा नाही."
मला कुठं वाजवायचाय.

छत्तीस वर्षं मिरजेच्या मिशन दवाखान्यात टाके घातले, काढले.
निरोपाला सगळ्यांनी मिळून घड्याळ दिलं,
मी मागून घेतल्या चार जाड सुया आणि एक चिमटा.
आता स्टोव्हवर सुई लाल करते
आणि सालीवर आमचं देऊळ काढते.
देऊळच म्हणायची आई. चर्च आम्ही नंतर म्हणायला लागलो.

वाटलं होतं, वचनं आठवतील.
पासष्ट वर्षांचे रविवार, सकाळी साडेनऊ,
म्हणजे तीन हजारांवर प्रवचनं झाली,
आणि हाताशी एकही सबंध नाही.
कुण्या पाळकसाहेबांनी खिशातून मोहरीचा दाणा काढून दाखवला होता,
तो सतरंजीवर पडला,
आम्ही पोरं उपासनेनंतर रांगत शोधत होतो.
बास, एवढंच.

आठवतात त्या पाठी.

एस्तेरबाई आवळेंच्या अंबाड्यात खोचलेली पेन्सिल.
दाविदमास्तरांच्या मानेवरची पट्टी, मीच शनिवारी बांधलेली,
वरचा सूर लागला की कडेनं सुटायची.
पेटीवाल्या रत्नाकरच्या सदऱ्यावर
तिसऱ्या गीतापर्यंत घामाचा एक तलाव.
आणि एक लहान मुलगी, खांद्यावरून मागं बघणारी,
तिचं नाव मला कधीच कळलं नाही.

आई माझ्या शेजारी बसायची. म्हणून तिची पाठ
मला दिसायची फक्त प्रभुभोजनाला.
ती पुढं जायची, गुडघे टेकायची,
आणि सगळ्या मंडळीकडं तिचे तळवे व्हायचे.
पिवळे.
सांगलीच्या वखारीत हळद पाखडायची ती.
शनिवारी रात्री वीट घेऊन घासायची,
तरी भेगांतली हळद हटायची नाही.
मी मान खाली घालायचे. लोकांना वाटायचं, प्रार्थना.

तो भोपळा करायला मला पावसाळा लागला.
जळक्या रेषांत शेवटी बोटानं हळद भरली,
दुकानातलीच, चिमूटभर.

चेहरे असलेला भोपळा एकच आहे.
हंगामाच्या सणाचा लिलाव:
अंडी, कोंबडा, उसाची मोळी, आणि एक दुध्या
जो चार वेळा विकला गेला,
कारण घेणारा प्रत्येकजण तो परत देवाला देत होता.
त्या दिवशी पुढचे सगळे मागं वळून बघायचे,
बोली कोण वाढवतंय म्हणून.
दात दिसायचे सगळ्यांचे.

नवे पाळक आले होते घरी, बनसोडे. चांगला मुलगा आहे.
फळीवरचे सगळे भोपळे बघितले, फिरवून फिरवून.
मग हळूच म्हणाले, "ताई, वधस्तंभ कुठंच दिसत नाही."
"माझ्या पुढं तबिथाबाई बसायच्या," मी म्हटलं. "उंच होत्या."

आता एकच पाठ राहिलीय, माझी.
ती मी बघितलेली नाही.
म्हणून परवा रिक्षा करून सलोमीमावशीकडं गेले,
माझ्या मागच्या बाकावर चाळीस वर्षं तीच तर होती.
कानाला हात लावून तिनं दोनदा प्रश्न विचारायला लावला,
मग हसत सुटली.
"अगं, पिन! पदराला पिन लावायचीस, भली मोठी, दवाखान्यातली,
टोक नेमकं बाहेर.
दर रविवारी वाटायचं, आज उघडतीय, आज टोचतीय हिला.
पाळक काय बोलतोय, माझं ध्यान कुठलं तिकडं?"

घरी आले. सुई तापवली.
पाठ अजून काढलेली नाही.
आधी पिन काढली,
टोक बाहेर ठेवून.